पट्टा उलटा करून पाहा

वाचकांचे प्रश्न : फौजी पट्टे आणि बकलं

मराठा लाइट इन्फंट्रीत मी चोवीस वर्षं काढली. त्यातली चौदा क्वार्टरमास्टरच्या स्टोअरमध्ये. म्हणजे पट्टे मी घातले कमी आणि मोजले जास्त. पेन्शनीवर आल्यावर साताऱ्याला घरी बसून तेच करतो, फरक एवढाच की आता लेजर माझं आहे आणि ऑडिट बायको करते. यावेळी बरीच पत्रं आली, फोटोही आले. एकच तक्रार आहे: सगळ्यांनी बकलाचे फोटो पुढून काढलेत. पुढची बाजू दिसायलाच केलेली असते. मला मागची लागते.

आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीला जाऊन आले. त्यांच्या ट्रंकेत खाकी, जाड विणीचा सुती पट्टा निघाला. पुढे पितळी अडकवण, पाठीवर दोन लहान पितळी बकलं. आतल्या बाजूला बाणाची खूण, तिच्याखाली एक उभी रेघ आणि १९४२. वडील म्हणतात आजोबा मराठा पलटणीत होते, काका म्हणतात सप्लायमध्ये, म्हणजे रसद पुरवणाऱ्या दलात. पट्ट्यावरून भांडण मिटेल का? — एक शिक्षिका, कराड

ताई, पट्ट्यावरून भांडण मिटणार नाही, पण पट्ट्याच्या आतून मिटू शकेल.

आधी ती रेघ. ती रेघ नव्हे, इंग्रजी आय हे अक्षर आहे. तीन टोकांचा बाण म्हणजे सरकारी मालाची खूण, ब्रिटिश अमलात सगळीकडे एकच. कुठल्या देशाने माल घेतला ते शेजारच्या अक्षरावरून कळायचं. हिंदुस्थानच्या मालावर बाणाखाली आय. कॅनडाचा बाण सी अक्षराच्या पोटात, दक्षिण आफ्रिकेचा यू अक्षरात, ऑस्ट्रेलियाच्या बाणाच्या दोन्ही अंगांना डी. तेव्हा तुमचा पट्टा हिंदुस्थान सरकारचा, १९४२ सालचा. एवढं पक्कं.

आता फूटपट्टी घ्या. रुंदी सव्वादोन इंच, म्हणजे साधारण ५७ मिलिमीटर भरली तर तो १९३७ च्या पॅटर्नचा. आम्ही त्याला नुसतं 'सदतीस' म्हणायचो. तीन इंच भरली असती तर तो १९०८ चा पॅटर्न, पहिल्या महायुद्धातला. पाठीवरची दोन बकलं खांद्यावरून येणारे पट्टे अडकवायला असतात. पुढे काडतुसांचे पाऊच, मागे पिशवी, कुल्ल्याला पाण्याची बाटली. सगळ्या संसाराचं ओझं त्या सव्वादोन इंचावर. हा पॅटर्न आपल्या फौजेत स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं चालला. मी बेळगावच्या सेंटरमध्ये रंगरूट म्हणून गेलो तेव्हा मलाही सदतीसच मिळाला होता, आणि उस्तादाने पहिल्या दिवशी सांगितलं होतं की बकलात त्याला स्वतःच्या मिशा दिसल्या पाहिजेत.

पण हा पट्टा पलटण सांगत नाही. मराठा असो, सप्लाय असो, तोफखाना असो, सगळ्यांना स्टोअरमधून तोच मिळायचा. पलटण टोपीवर आणि खांद्यावर असते, कमरेला नाही. हे पहिल्यांदा ऐकून लोक नाराज होतात. एक अपवाद लक्षात ठेवा: पितळ काळं केलेलं दिसलं तर रायफल रेजिमेंटचा विचार करा, कारण त्यांची बटणं आणि बिल्ले परंपरेने काळे.

आतून काय पाहायचं? शिपायाचा नंबर. शाई उडालेली असेल. सकाळच्या तिरप्या उन्हात पट्टा आडवा धरा, पाणी लावू नका, भिंगातून पाहा. आकडे सापडले तर ते लिहून काढा आणि आजोबांचं पूर्ण नाव, गाव, तालुका यांसह जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. मराठा असतील तर कागद बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसकडे जातात, सप्लायचे असतील तर त्या दलाच्या. नंबर नसला तरी पेन्शनचं जुनं पुस्तक, पदकाची कड (तिच्यावर नाव-नंबर कोरलेला असू शकतो) आणि घरी आलेली पत्रं शोधा.

आणि कृपा करून पट्टा धुऊ नका. विणीत जी हिरवट-खाकी भुकटी बसली आहे ती धूळ नव्हे, ब्लँको आहे. वडी ओली करून ब्रशने पट्ट्याला चोपडायची, वाळवायची, मग परेड. तुमच्या आजोबांनी किती वेळा चोपडली ते त्या थरांत आहे. साबणाच्या पाण्यात एका दुपारी ते सगळं नालीत जाईल.

जुन्या बाजारातून १८५७ च्या बंडाच्या वेळचं बकल घेतलं. विक्रेता म्हणाला, राणीच्या सैनिकाचं आहे. मधे मुकुट आणि सिंह, भोवती परदेशी अक्षरं, खाली १८५७ कोरलेलं. ४,५०० रुपये दिले. खरं आहे ना? — महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे

नाही.

आता कारणं सांगतो, म्हणजे पुढचे साडेचार हजार वाचतील. सिंह, मुकुट आणि भोवती 'दिअ ए मों द्र्वा' हे फ्रेंच ब्रीद असलेलं गोल बकल ब्रिटिश फौजेत खरोखर होतं. ते सर्वसाधारण बकल, कुठल्या एका रेजिमेंटचं नव्हे. भरपूर निघाली, म्हणून खरी अजूनही मिळतात. पण त्यावर साल कोरायचं कारण नव्हतं. सैनिकाला लढाईच्या वर्षी माहीत नसतं की हे वर्ष पुढे इतिहासात जाणार आहे! साल दिसलं की ते सैनिकासाठी नव्हे, गिऱ्हाइकासाठी कोरलंय असं समजायचं.

दुसरं, मुकुट. हा धडा पाठ करा, निम्मं काम होतं. व्हिक्टोरियाच्या काळातल्या बिल्ल्यांवरचा मुकुट वरून दोन्हीकडे दबलेला दिसतो. १९०१ नंतर राजे आले, तेव्हापासून गोल घुमटासारखा मुकुट, त्याला ट्यूडर म्हणतात. १९५३ पासून एलिझाबेथचा मुकुट, मध्यभागी खोलगट. हिंदुस्थानात २६ जानेवारी १९५० नंतर मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले, त्यामुळे आपल्या पलटणींच्या बिल्ल्यांचा हिशेब आणखी सोपा. तुमच्या फोटोत १८५७ या आकड्यावर घुमटाचा मुकुट बसलाय. म्हणजे राजा गादीवर यायच्या चव्वेचाळीस वर्षं आधी त्याचा मुकुट! एक सापळा सांगून ठेवतो: चार्ल्सने २०२२ मध्ये पुन्हा ट्यूडर मुकुट निवडला. तेव्हा घुमट दिसला की जुनंच, असं आता म्हणता येणार नाही.

तिसरं, कडा. खऱ्या वस्तूवरून मातीचा साचा काढून पितळ ओततात तेव्हा थंड होताना धातू आकसतो. नक्कल मूळच्यापेक्षा केसभर लहान भरते आणि अक्षरं साबणाच्या वडीवरच्या नावासारखी गुळगुळीत येतात. खरं बकल झिजतं ते उंचवट्यावर: सिंहाचं नाक, मुकुटाचं टोक, आणि मागच्या हुकाची आतली कड, जिथे रोज घासलं जातं. तुमचं सगळीकडे सारखं झिजलंय, खाचांतसुद्धा. खाचेत कोणाचं बोट जातं? आणि तो तपकिरी रंग तेजाबाचा आहे. ओल्या फडक्याने पुसून वास घेऊन पाहा.

कंपनी सरकारचा उभा सिंह हातात मुकुट धरलेला, अशी बकलंही याच टोपल्यांतून मिळतात. त्यांच्याबद्दलही हेच.

वाईट वाटून घेऊ नका. १९९९ मध्ये, नुकताच सुटून आलेलो, ग्रॅच्युइटी खिशात, मी अशाच एका रविवारी मंगळवार पेठेतल्या बाजारात '१०३ मराठा' लिहिलेली छातीवरच्या पट्ट्याची पाटी सहाशे रुपयांना घेतली. १०३ म्हणजे जंगी पलटण, १७६८ ची, हात थरथरत होते. घरी येऊन मागे पाहिलं तर पकडीचा दांडा गॅस वेल्डिंगने लावलेला. स्टोअरमध्ये चौदा वर्षं काढलेला माणूस! ती पाटी मी टाकलेली नाही. दिवाणखान्यात टांगली आहे, पाहुण्यांना दाखवायला नव्हे, मला दिसायला.

पणजोबा फौजेत होते असं आम्ही समजत आलो. त्यांचा खांद्यावरून तिरका जाणारा रुंद पट्टा आणि त्यावरची अंडाकृती पितळी पाटी घरात आहे. पाटीवर इंग्रजीत 'कलेक्टर' आणि जिल्ह्याचं नाव. ही कुठली रेजिमेंट? — चिपळूणहून एक वाचक

रेजिमेंट नव्हे, कचेरी. त्या पाटीला 'चपरास' म्हणतात, आणि ती लावणारा तो चपराशी. पट्टा घालणारा तो पट्टेवाला. दोन्ही शब्द आपण आजही वापरतो, पण ज्या वस्तूवरून ते आले ती कोणी पाहिलेली नसते. तुमच्या घरात ती दोन्ही, पट्ट्यासकट, आहेत.

पणजोबा शिपाई होतेच, फक्त कचेरीचे. मराठीत दोघांनाही शिपाईच म्हणतात, त्यामुळे घरातल्या गोष्टीत बंदूक कधी आली हे कोणाच्या लक्षातही आलं नसेल. खेडोपाडी समन्स, नोटीस, खलिता घेऊन हाच माणूस जायचा, आणि गावाला सरकार दिसायचं ते या पाटीच्या रूपात. अशा सुट्या पाट्या बाजारात येतात, मूळ पट्ट्यासकट क्वचितच. कातडं तडकलेलं दिसतंय. सरळ टांगू नका, सैल गुंडाळी करून सुती कापडात ठेवा. मला विचाराल तर माझ्या संग्रहातली चार सैनिकी बकलं देऊन मी ही एक घेईन. विकू नका मात्र. मलासुद्धा.

साधं पितळी बकल, नक्षी नाही, फक्त चार आकडी नंबर. फौजी का? — नागपूर

पोलीस असण्याची शक्यता जास्त. हवालदाराचा 'बक्कल नंबर' आपण फिर्यादीत वाचतो ना? तो बक्कल म्हणजे हाच बकल. नंबर आता छातीवर आणि कागदावर गेला, शब्द कमरेलाच राहिला.

आजोबांचा महार रेजिमेंटचा बिल्ला आणि मामांचं बकल जुळत नाही. आजोबांच्या बिल्ल्यावर दोन मशीनगन आणि कोरेगावचा स्तंभ, मामांच्या बकलावर स्तंभाच्या जागी खंजीर. एक खोटं आहे का? — सोलापूर

दोन्ही खरी असू शकतात. रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावात उभी राहिली तेव्हा बिल्ल्यावर भीमा कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ मध्ये तिला मशीनगन रेजिमेंट केलं, तेव्हा फुलीसारख्या दोन व्हिकर्स मशीनगन आल्या, स्तंभ होताच. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. म्हणजे आजोबांचा बिल्ला मधल्या थोड्या वर्षांतला, आणि त्यामुळेच मोलाचा. मशीनगन नसलेला, नुसता स्तंभाचा बिल्ला कोणाकडे असेल तर तो त्याही आधीचा. अशा बिल्ल्याच्याही नकला होतात, म्हणून मागची बाजू पाहा: पत्र्यावर ठसा मारून केलेल्या खऱ्या बिल्ल्याच्या मागे पुढच्या नक्षीचा खोलगट उलटा आकार दिसतो. मागून सपाट आणि जड असेल तर मला फोटो पाठवा.

पणजोबांनी इटलीतून जर्मन बकल आणलं. गरुड आहे, खाली स्वस्तिक. घरात ठेवावं की नाही यावरून वाद आहे. — सांगली

ठेवावं की नाही हे तुम्ही ठरवा, खरं की खोटं एवढं मी सांगतो. मराठ्यांच्या पलटणी इटलीत जर्मनांसमोर होत्या. यशवंत घाडग्यांना १९४४ मध्ये आणि नामदेव जाधवांना १९४५ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिथेच. तेव्हा असं बकल पणजोबांच्या पिशवीतून येणं अगदी शक्य आहे.

गरुडाच्या वर जर्मनमध्ये 'गॉट मिट उन्स', म्हणजे 'देव आमच्या संगती', असेल तर ते भूसेनेच्या साध्या शिपायाचं. हे ब्रीद हिटलरचं नव्हे, प्रशियाच्या राजाच्या काळापासून चालत आलेलं. पहिल्या महायुद्धातल्या बकलावर ब्रीद तेच, पण गरुडाच्या जागी मुकुट. बकलाला मागे कातड्याची जीभ असेल तर तिच्यावर कारखान्याचं नाव आणि साल दाबलेलं सापडतं. युद्धाआधी ॲल्युमिनियम, युद्ध लांबलं तसं लोखंड, म्हणून चुंबक लावून पाहा. गरुडाखालचं ब्रीद 'निष्ठा हाच माझा सन्मान' अशा अर्थाचं असेल तर ते एसएसचं, म्हणजे हिटलरच्या खास दलाचं, आणि जगात सगळ्यात जास्त नकला त्याच बकलाच्या होतात. पणजोबांनी आणलेलं नसून मधल्या कोणी बाजारातून आणलेलं असेल, तर ते मी दारातूनच परत करीन.

मी लेस्टरला राहते. इथल्या जुन्या सामानाच्या बाजारात एक पाउंडाला रुंद पट्टा घेतला: आकाशी, गडद निळा आणि हिरवा असे तीन आडवे पट्टे, बाजूला चामडी बंद. माझे वडील देवळालीला तोफखान्यात होते, त्यांना तो दाखवला तर म्हणाले, घोड्याचा आहे. ते माझी थट्टा करतायत का?

वडील थट्टा करत नाहीत, अर्धं सांगतायत. याला तिकडे स्टेबल बेल्ट म्हणतात, म्हणजे तबेल्याचा पट्टा. घोडदळाचे शिपाई घोड्याच्या पाठीवरची झूल आवळायचा पट्टा तबेल्यात काम करताना स्वतःच्या कमरेला गुंडाळत. पुढे घोडे गेले, पट्टा राहिला, आणि रेजिमेंटागणिक रंग ठरले. इथे कमरेवरून पलटण ओळखता येते, म्हणजे कराडच्या ताईंना मी जे सांगितलं त्याच्या बरोबर उलट.

तुमचे तीन रंग रॉयल सिग्नल्सचे, बिनतारी संदेशवाल्यांचे. आकाश, समुद्र आणि जमीन असा त्यांचा अर्थ सांगतात. चामडी बंद बाजूला, डाव्या कुल्ल्यावर येतात. रंगछटा फोटोत फसवतात, तेव्हा पट्टा दिवसाच्या उजेडात, शेजारी पांढरा कागद ठेवून पाहा. एक पाउंडात उत्तम सौदा. वडिलांसाठी घेऊन या, पण देवळालीचे आहेत, सिग्नलचा पट्टा घालणार नाहीत!

आमच्याकडे मेसोपोटेमियात लढलेल्या पूर्वजांचा चामडी पट्टा आणि बकल आहे. बकल हिरवं पडलंय, ब्रासोने घासू का? आणि अमेरिकेतला पुतण्या ते मागतोय. पार्सल कसं करू? — वाई

ब्रासो नको. सांगताना जीभ अडखळते, कारण मी आयुष्यभर पोरांना ब्रासोवरून दटावलं. पण ब्रासोत घासपूड असते, प्रत्येक वेळी पितळेचा एक थर जातो. परेडच्या बकलाला नवं मिळायचं, तुमच्या बकलाला मिळणार नाही. हिरवा थर येतो तो कातड्यातल्या तेलामुळे. बांबूची काडी तासून घ्या, हलक्या हाताने खरवडा, कोरड्या सुती फडक्याने पुसा. कातड्याला तेल पाजू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, पावसाळ्यात आत घाम धरतो. वाईच्या पावसात तर नकोच.

पार्सल मात्र करू नका. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, वेढ्यात अडकलेलं कुत हे ठाणं २९ एप्रिल १९१६ ला पडलं. तिथे १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. तुमचे पूर्वज कुतचे असोत की नसोत, त्या वर्षांतली वस्तू आता शंभर वर्षांच्या वरची आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू कुणाही खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, वारसाहक्काची असली तरी. पुतण्याला इकडे बोलवा. पट्टा मागतोय म्हणजे यायला निमित्त शोधत असेल.

लग्नात शेरवानीवर फौजी पट्टा बांधला तर चालेल का? — एक नवरदेव, संभाजीनगर

शेरवानीवर बांधलात तर तुम्हाला कोणी सैनिक समजणार नाही. सैनिक आहोत असं भासवायला गणवेश किंवा खूण वापरली तर न्याय संहितेच्या कलम १६८ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पण मला कायद्याहून पट्ट्याची काळजी जास्त. घाम, अत्तर, हळद. नवीन घ्या.

मी सातवीत आहे. माझ्याकडे पैसे नाहीत पण मला पट्टे जमवायचे आहेत. सुरुवात कशी करू? — फलटण

बाळा, घरातून कर. बाबांचा किंवा काकांचा एनसीसीचा पट्टा असेल, ताईचा स्काउट-गाइडचा असेल. सोसायटीच्या गेटवरचे काका सेवेतून सुटलेले असतील तर त्यांना विचार, पण मागू नको, फक्त पाहू दे म्हण. प्रत्येकाची रुंदी मोज, मागची बाजू कागदावर काढ, कोणाचा आणि कधीचा ते विचारून शेजारी लिही. दहा झाले की वही मला पाठव. पट्टे पाठवू नकोस, त्यांना घरून परत मागतात.